तीनशे अडतिसावं रोप

बी कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर पितळी पाटीवर कोरलेलं आहे आणि आत येणारा प्रत्येक जण ते वाचून क्षणभर गंभीर होतो. त्याच दारावर खाली एक कागद चिकटवला आहे, 'चपला बाहेर काढाव्यात, हरवल्यास कार्यालय जबाबदार नाही'. तो कोणी वाचत नाही, आणि चपला हरवतात. एकवीस वर्षं मी इथे बियाणं तपासतो आहे. बी खोटं बोलत नाही हे खरंच आहे, कारण ते काहीच बोलत नाही. त्याच्या वतीनं आम्ही बोलतो, तीन प्रतींत, आणि खाली सही करतो.

नमुना क्रमांक चारशे एकवीस एका सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर आला. हरभरा, एक किलो, कापडी पिशवी, लाखेची मोहोर. आमच्याकडे पिशवीवर फक्त क्रमांक असतो. कोणी पिकवलं, कुठून आलं, ते सगळं समोरच्या खोलीतल्या कारकुनाच्या कपाटात कुलूपबंद. डॉक्टरनं रोग्याचं तोंड न बघता नुसती जीभ बघावी, तशी ही व्यवस्था. मी पांढऱ्या काचेवर दाणे पसरले, चिमटा घेतला आणि नेहमीसारखं निवडायला लागलो. चांगलं बी इकडे, फुटकं तिकडे, काडीकचरा त्या पलीकडे. या कामात डोकं लागत नाही, म्हणूनच ते मला जमतं. पाव तास झाला असेल. टपोऱ्या, तांबूस दाण्यांच्या मधोमध एक बारीक, काळा, सुरकुतलेला दाणा दिसला आणि माझा चिमटा हवेतच थांबला. ओठांवर एकदम आंबट झोंबलं. तीस वर्षांत ज्या शेतात मी पाऊल टाकलं नव्हतं त्या शेतातली हरभऱ्याची आंब, जी पहाटे पानांवर दवासारखी साचते आणि बोटांवरून तोंडापर्यंत जाते, ती त्या वातानुकूलित खोलीत माझ्या खालच्या ओठाला लागली. मी रुमालानं ओठ पुसला. रुमाल कोरडाच होता.

हा काळा हरभरा वडील फक्त बांधाच्या कडेनं पेरायचे, एकच ओळ. त्याला उत्पन्न म्हणावं असं काही नव्हतं. झाडाला वीसएक घाटे यायचे, त्यांतले निम्मे पोकळ. पण तो गोड होता. येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात घातलाच तर या ओळीत घालावा, घाटे तोडून खात खात पुढे जावं आणि आतल्या बियाण्याच्या पिकाला हात लावू नये, असा हिशेब. लोकांना वाटायचं, काय उदार माणूस आहे. मळणीच्या वेळी ती ओळ वेगळी काढायची, हा घरातला नियम होता आणि वडील असेपर्यंत तो एकदाही मोडला नाही. आता शेत दादाकडे होतं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, आणि दादाला असल्या बारीकसारीक गोष्टींचा पहिल्यापासूनच कंटाळा. मी भिंग उचललं. हरभऱ्याच्या दाण्याला चोच असते. त्या चोचीतच पुढे मूळ होणारा कोंब झोपलेला असतो, त्यामुळे चोचीला मार बसला तर दाणा वरून कितीही टपोरा दिसला तरी आतून गेलेला असतो. वडील बियाण्याचा हरभरा यंत्रात घालतच नसत. चटईवर पसरून काठीनं बडवायचे, तेही गाढ झोपलेल्या माणसाला उठवावं इतक्या बेतानं. माझ्या भिंगाखालच्या दर दहा दाण्यांत एकाची चोच चेपलेली होती. चार वर्षांपूर्वी दादानं मळणी यंत्र घेतलं, तेव्हा त्यानं मला फोटो पाठवला होता. यंत्राच्या शेजारी तो असा उभा होता की दोघांचं नुकतंच लग्न झालं असावं. मी उत्तरात अंगठा पाठवला होता.

नमुना ओळखीचा आहे असा संशय जरी आला, तरी तो शेजारच्या टेबलावर द्यायचा, असा आमचा नियम आहे. शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. मुलगी म्हणजे पस्तिशीची आहे, दोन लेकरांची आई आहे, पण माझ्यानंतर पंधरा वर्षांनी लागली म्हणून मुलगी. तिच्याकडे पिशवी सरकवायला दोन सेकंद लागले असते. पण कारण काय लिहायचं? 'काळा दाणा पाहून ओठ आंबट झाले'? साहेबांनी मला सक्तीच्या रजेवर पाठवलं असतं. शिवाय मला तो नमुना द्यायचाच नव्हता. हे मात्र मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. मी मोजून चारशे दाणे घेतले, शंभराचे चार भाग केले, ओल्या कागदांवर ओळीनं मांडले, कागदांच्या गुंडाळ्या करून रबरं लावली आणि वीस अंशांच्या कपाटात उभ्या करून ठेवल्या. आठ दिवस. शंभरातले पंच्याऐंशी उगवले तर बियाणं, चौऱ्याऐंशी उगवले तर नुसतं धान्य. दादाचा माल आदल्या वर्षी नापास झाला होता. फुलोऱ्यात एक पाणी जास्त दिलं, पीक माजलं, नुसता पाला झाला आणि दाणे सुरकुतले, असं वहिनीनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. सलग दुसऱ्यांदा नापास झालं की बीजोत्पादकांच्या यादीतून नाव कायमचं जातं. ते नाव वडिलांनी मिळवलेलं होतं. कपाटाचं दार लावताना माझ्या मनात आलं की आता ते नाव माझ्या हातात आहे, आणि हात आश्चर्यकारकरीत्या स्थिर होता.

त्या आठ दिवसांत मी नेहमीसारखाच राहिलो, म्हणजे घरी कोणाशी फारसं बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही भाजी निवडताना काय करताय?" मी बघितलं. कोथिंबिरीच्या काड्यांचे मी चार समान ढीग केले होते. "सवय," मी म्हणालो. "मग उगवतात का बघा आठ दिवसांनी," ती म्हणाली आणि चारही ढीग एकत्र करून चिरायला घेऊन गेली. मी तिथेच बसून राहिलो. बोटांना कोथिंबिरीचा वास होता आणि डोळ्यांपुढे शेताचा तो कोपरा.

त्या कोपऱ्याचं असं झालं. मी चौदा वर्षांचा होतो. बियाण्याच्या पिकात फुलं आली की भेसळ काढतात. आमच्या वाणाची फुलं जांभळट गुलाबी; पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं, बाहेर नेऊन टाकायचं. वडिलांनी मला रानात उभं केलं आणि इतकंच सांगितलं, "वेगळं दिसेल ते काढ." माणूस कमी शब्दांत बोलला की त्याला शहाणं म्हणतात, ऐकणाऱ्याचं काय होतं ते कोणी विचारत नाही. मी सकाळपासून ओळीनं चालत गेलो. गुलाबीच्या समुद्रात एखादं पांढरं, ते उपटलं. पुन्हा गुलाबी, पुन्हा एखादं पांढरं. पायांच्या पोटऱ्यांना आंब झोंबत होती. मग पश्चिमेचा कोपरा आला. तिथे सगळी पांढरीच फुलं होती आणि मधून मधून एखादं गुलाबी. वेगळं दिसेल ते काढायचं होतं. मी एकेक गुलाबी उपटलं. अतिशय मन लावून, एकही न सोडता. आपल्या वाणाची शुद्ध झाडं मी कोपऱ्यातून निवडून निवडून काढली, त्यांची पेंढी बांधली आणि वडिलांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

वडिलांनी पेंढीकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. मग पेंढीतली फुलं एकदा बोटानं बाजूला करून बघितली. रागावले नाहीत. दादा मात्र हसून हसून बांधावर बसला. "हा न्यायाधीश होणार बाबा," तो म्हणाला. "जे थोडे असतील ते चोर." रात्री जेवताना वडील आईला म्हणाले, "याला शहरात शिकायला ठेवू. शेतात याचं काही खरं नाही." आईनं मला आणखी वाढलं. त्या जास्तीच्या घासावरूनच मला कळलं की निर्णय झालेला आहे. पुढच्या जूनमध्ये एका दूरच्या मामाच्या गॅलरीत माझी ट्रंक ठेवली गेली आणि मी शिकायला लागलो. शिकत गेलो. थांबवायला कोणी नव्हतं. सुट्टीत मी घरी जायचो, शेतात नाही, आणि दर सुट्टीत दादा सगळ्यांसमोर तो किस्सा सांगायचा. माझ्या लग्नात सांगितला, तेव्हा माझे सासरेसुद्धा हसले. वडिलांच्या तेराव्याला सांगितला, आणि मी त्यानंतर गेलो नाही. किस्स्यातला एक भाग तो कधीच सांगत नसे. पेरणीच्या दिवशी त्या कोपऱ्यापर्यंत येता येता बियाण्याची पिशवी संपली होती आणि दादानं घरात खायला ठेवलेल्या पोत्यातला हरभरा आणून तिथे पेरला होता. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. भेसळ त्यानं केली. कोपरा त्याचा होता. उपटला गेलो मी.

हे मी तीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगितल्या की लहान होतात. मनात ठेवल्या की त्यांना चांगलं पाणी मिळतं.

आठव्या दिवशी मंगळवार होता. मी गुंडाळ्या उघडल्या. ओल्या कागदाचा, कोवळ्या मुळांचा, किंचित कुजका वास. पहिल्या शंभरात शहाऐंशी. दुसऱ्यात त्र्याऐंशी. तिसऱ्यात पंच्याऐंशी. चौथ्यात मोजत मोजत त्र्याऐंशीपर्यंत आलो आणि एक रोप उरलं. बाकीचं सगळं एक तर मेलेलं, बुरशी आलेलं किंवा उघड उघड वाकडंतिकडं. बेरीज तीनशे सदतीस. आमच्याकडे सरासरी पूर्ण अंकात लिहितात, अर्धा आला की वर नेतात. तीनशे अडतीस झाले असते तर साडेचौऱ्याऐंशी, म्हणजे पंच्याऐंशी, म्हणजे पास. तीनशे सदतीसला सव्वाचौऱ्याऐंशी, म्हणजे चौऱ्याऐंशी, म्हणजे धान्य. मी ते उरलेलं रोप चिमट्यानं उचलून काळ्या कागदावर ठेवलं. वरचा कोंब सरळ, हिरवा, निरोगी. मुख्य मूळ मात्र बोटाच्या पेराइतकं वाढून खुंटलेलं, टोकाला तपकिरी. चोचीला मार बसलेला. त्या खुंटलेल्या मुळाच्या दोन्ही बाजूंनी मात्र बारीक, पांढरी, दाट मुळं फुटली होती.

शेजारच्या टेबलावरची मुलगी चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. "यात काय बघताय सर? हे सामान्यच आहे की."

"मुख्य मूळ गेलंय."

"बाजूची आहेत ना भरपूर. नियमात बसतं. तुम्हीच शिकवलंय मला."

"बाजूच्या मुळांवर किती दिवस काढणार हे?"

"आयुष्य काढतं सर," ती म्हणाली. "घाटे लागल्याशी मतलब. खाली काय आहे ते कोण बघायला जातंय." आणि ती चहा पीत तिच्या टेबलाकडे गेली.

मी त्या रोपाकडे किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. एखादा माणूस इथे म्हणेल की मला माझी ट्रंक आठवली, मामाची गॅलरी आठवली, आणि माझं मन द्रवलं. ट्रंक आठवली हे खरं आहे. तिचं कुलूप आठवलं, ज्याची किल्ली दादानं विनोद म्हणून दोन दिवस लपवून ठेवली होती. आणि मन द्रवण्याऐवजी एक थंड, स्वच्छ, कार्यालयीन आनंद माझ्या छातीत पसरला. यंत्र कोणी घेतलं? चोच कोणी मोडली? काळा दाणा कोणी मिसळू दिला? मी फक्त मोजतो आहे. पुन्हा एकदा तो कोपरा माझ्यासमोर होता आणि या वेळी काय उपटायचं ते मला नीट माहीत होतं. मी ते रोप सदोष रोपांच्या पाटीत टाकलं. तक्त्यात तीनशे सदतीस लिहिलं. मग उगवण टक्के चौऱ्याऐंशी, शेरा 'बियाणे म्हणून अयोग्य'. सही इतकी सुंदर आली की मी दुसऱ्या प्रतीवर तशीच करायचा प्रयत्न केला. संध्याकाळी शिपायानं पाट्या नेहमीप्रमाणे रिकाम्या करून धुऊन ठेवल्या.

रविवारी दुपारी जेवताना बायको म्हणाली, "वहिनींचा फोन होता. दादांचा माल पास झाला म्हणे. या वेळी तरी सुटले."

माझा घास तसाच राहिला. "कधी?"

"झाले की पंधरावीस दिवस. चौऱ्याण्णव टक्के. तुमच्याच ऑफिसात तपासला, तुम्हाला माहीत नाही?"

"आम्हाला माहीत नसतं."

"घरातलंही माहीत नसतं तुम्हाला," ती म्हणाली. "भात घ्या."

जेवण झाल्यावर मी गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला. वडिलांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच. तो दचकला. "काय रे? सगळं ठीक ना?" मी म्हणालो, ठीक, अभिनंदन करायला केला. तो खूश झाला आणि मग थांबेचना. या वर्षी म्हणे त्यानं पेरणीआधी बी चाळून एकसारखं घेतलं, शेंडे वेळेवर खुडले, फुलोऱ्यात पाण्याचं नाव काढलं नाही आणि बियाण्यापुरती मळणी काठीनंच केली. "यंत्र चोच फोडतं रे," तो मला समजावून सांगायला लागला. "तू कागदावर शिकलास, म्हणून सांगतो."

"आणि तो काळा हरभरा? बांधावरचा?"

"तो कधीच काढून टाकला. तुला हवा होता का? हवा असला तर कोणाकडेही मिळेल. बाबा मागेल त्याला ओंजळभर द्यायचे. निम्म्या तालुक्याच्या बांधावर आहे तो आता."

खाली रस्त्यावर एक माणूस स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होता. मी त्याच्या लाथा मोजल्या. अकरा. मग मी विचारलं, तीस वर्षांत पहिल्यांदा आणि अगदी सहज विचारल्यासारखं, "त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात खायच्या पोत्यातलं बी तूच टाकलं होतंस ना?"

दादा हसला. "हो, मग? बी संपलं होतं. बाबाच म्हणाले, टाक तेच, नाही तरी तो कोपरा आपण बियाण्यात धरत नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं म्हणतोय ना."

"मग त्या दिवशी बोलले का नाहीत?"

पलीकडे त्यानं फोन दुसऱ्या कानाला नेला. त्याचा श्वास आता वडिलांसारखा वाजत होता. "अरे, दोघांपुरतं शेत होतं का ते?" दादा म्हणाला. "एकाला जावं लागणारच होतं. मी दहावीला दोनदा बसलेला. त्यांना तुला पाठवायचंच होतं, आई सोडत नव्हती. त्या दिवशी त्यांना कारण सापडलं. मला वाटलं, तुला माहीत आहे. एवढा शिकलास." मग तो म्हणाला, ये एकदा, आणि मी म्हणालो, येतो. दोघांनाही कळलं की हे असंच म्हणायचं असतं.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. म्हणालो, चारशे एकवीसचा निकाल मला पुन्हा बघायचा आहे, एका रोपाच्या बाबतीत माझी चूक झाली असावी. साहेबांनी चष्मा काढला. माझ्या नोकरीत मी चूक हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता आणि तो त्यांना आवडला नाही. "रोप कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फेकलं. "अहवाल?" गेला. "मग बघणार काय? नापास झालं तर तक्रार ज्याचा माल आहे त्यानं करायची असते. तपासणाऱ्यानं केली तर लोक काय म्हणतील? प्रयोगशाळेचं नाव आहे काही." मी बाहेर आलो. कारकुनाच्या खोलीत ते कपाट होतं आणि कपाटाला कुलूप होतं. मी त्याच्याशी हवापाण्याचं थोडं बोललो. कारकून म्हणाला, "सर, आज तब्येत बरी नाही का?" शेजारच्या टेबलावरची मुलगी नव्या नमुन्याचे दाणे मोजत होती, तिनं मान वर केली नाही. मीही बसलो, पांढऱ्या काचेवर दाणे पसरले आणि निवडायला लागलो. चांगलं इकडे, फुटकं तिकडे.

फेरतपासणी मागण्याची मुदत तीस दिवसांची असते. चारशे एकवीससाठी कोणाचाही अर्ज आला नाही. तो माल कोणाचा होता, त्याचं ते कितवं नापास होणं होतं, यादीत त्याचं नाव राहिलं की गेलं, मला माहीत नाही. नियमाप्रमाणे ते माहीत नसायलाच हवं.